जेटीजवळ पोहण्यावर बंदी नको, बोयांची रांग घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रात कुठे काही झालं की दोन दिवसांत कोणीतरी म्हणतंच, पोहण्यावर सरसकट बंदी घाला. जेटीच्या आसपास तर नक्कीच घाला. हे वाचलं, ऐकलं की मला राहवत नाही, म्हणून आज लिहायला बसले. मी गेली नऊ वर्षं ऑक्टोबर ते मे सकाळी आपल्या गोव्याच्या समुद्रात पोहते, बहुतेक करून करंझाळ्याच्या बाजूला आणि सुट्टीच्या दिवशी कधी मिरामार, कधी बायणा, कधी खाली पाळोळ्याला. स्पर्धेसाठी नाही, पदकासाठी नाही, नुसतं पोहायला. आमचा दहाबारा जणांचा ग्रुप आहे, त्यात बँकेतले आहेत, शिक्षक आहेत, एक रिटायर झालेले जहाजावरचे इंजिनिअर आहेत आणि एक फार्मसीवाले काका आहेत जे सत्तरी ओलांडल्यावरसुद्धा आमच्यापेक्षा शांत पोहतात.

मी मूळची सत्तरी तालुक्यातली. पोहायला शिकले ती विहिरीत, दोन असोले नारळ एकमेकांना बांधून पोटाखाली घ्यायचे आणि काकाने वरून ढकलून द्यायचं, अशी. त्यामुळे पाण्याची भीती कधी नव्हती. पण विहिरीचं पाणी एका जागी असतं आणि समुद्राचं पाणी कुठेतरी चाललेलं असतं, हा फरक मला वयाच्या चाळिशीत कळला, तो पण एका रापणकाराकडून, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मासेमाराकडून. पहिल्याच वर्षी मी पाण्यातून बाहेर येताना समुद्राकडे पाठ करून गॉगल पुसत उभी होते आणि मागून लाट आली, गुडघ्यावर आपटले. तो जाळं ओढता ओढता म्हणाला, "बाये, उदकाक केन्नाच फाट दाखोवची न्हय." तेव्हापासून आजपर्यंत पाण्याकडे पाठ करून मी उभी राहिलेली नाही.

आता मुद्द्यावर येते. मागच्या जानेवारीत आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला एका जेटीजवळ अपघात झाला. जेटीचं नाव लिहीत नाही, कारण त्या बोटवाल्याचं नाव खराब करायचं नाही, त्याची चूक नव्हती असं माझं प्रामाणिक मत आहे. मैत्रीण पोहण्यात पक्की, पन्नास मीटरच्या तलावात चाळीस लॅप न थांबता मारते. अमावास्येचा दुसरा दिवस होता, सकाळचे सव्वाआठ झाले असतील. पाणी अगदी सपाट, वारा नाही, बघणाऱ्याला वाटावं की तळंच आहे. ती जेटीच्या कडेने, साधारण वीसपंचवीस मीटर अंतर ठेवून पोहत होती, कारण जेटी बाजूला असली की सरळ जाता येतं आणि किती अंतर झालं तेही कळतं, हे आम्ही सगळेच करायचो. आणि पाच मिनिटांत ती जेटीच्या खांबांमध्ये होती. स्वतः वळली नव्हती. पाण्याने नेऊन ठेवली.

जेटीचे खांब वरून बघितले तर साधे काँक्रीटचे दिसतात. पाण्याच्या रेषेखाली त्यांना कालवं आणि बार्नॅकल चिकटलेले असतात, ब्लेडसारखे. तिने खांबाला हात लावून स्वतःला थांबवायला बघितलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत खवणीवर घासल्यासारखा हात सोलला गेला. त्याच वेळी एक बोट जेटीला लागायला येत होती. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी समुद्राकडून जमिनीकडे येणाऱ्या माणसाच्या डोळ्यात सरळ सूर्य असतो. त्यात हिची टोपी काळी. बोटवाल्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. जेटीवर गरी टाकून बसलेल्या एका मुलाने अंगावरचा टॉवेल काढून जोरजोरात हलवला, ओरडला, आणि बोटवाल्याने इंजिन न्यूट्रलला टाकलं. बोट तिच्यापासून हाताच्या अंतरावर थांबली. नंतर त्याच बोटीत तिला वर घेतलं तेव्हा बोटवाल्याचे हात तिच्यापेक्षा जास्त थरथरत होते. हाताला टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, तीन आठवड्यांनी ती परत पाण्यात आली.

आम्ही घरी येऊन हा विचार केला की झालं काय. आणि ते कळल्यावर मला वाटलं की हे सगळ्यांना माहीत असलं पाहिजे, निदान आपल्या गोव्यात जिथे घरटी एक माणूस समुद्राच्या काठाला जाऊन येतो.

पहिली गोष्ट भरतीची. कोकणात जुनी माणसं तिथीवरून भरतीची वेळ काढतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सकाळ संध्याकाळ सहाच्या आसपास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज झाला, नेमकी वेळ पाहिजे तर मुरगावचं भरतीचं टेबल बघायचं. पण अंदाज किती कामाचा आहे बघा. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला पूर्ण भरती, म्हणजे सकाळी सहाच्या आगेमागे पूर्ण ओहोटी, म्हणजे सव्वाआठ वाजता पाणी चढत होतं. आणि पाणी सहा तास एकसारखं चढत नाही, पहिल्या तासात थोडं, शेवटच्या तासात थोडं, आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ अर्धं पाणी येतं. आमची मैत्रीण नेमकी त्याच सुमाराला आणि तेही उधाणाच्या दिवसांत पाण्यात उतरली होती. वर लाट नव्हती म्हणून आम्हाला समुद्र शांत वाटला. लाट वेगळी आणि ओढ वेगळी. त्यात आपला हा पट्टा म्हणजे एका बाजूला मांडवीचं मुख, दुसऱ्या बाजूला जुवारीचं, दोन नद्या रोज दोनदा भरतात आणि दोनदा रिकाम्या होतात, ते सगळं पाणी इथूनच आतबाहेर करतं.

दुसरी गोष्ट जेटीची. खांबांच्या मधून पाणी जाताना वाट अरुंद होते, तर ते वेगाने जातं. ओढ्याला दोन दगडांच्या मध्ये कसं जोरात पाणी जातं, तसंच. आणि खांबाच्या बुडाशी ते पाणी वाळू उकरून खड्डा करतं, त्यामुळे दोन पावलांपूर्वी कंबरेएवढं असलेलं पाणी एकदम डोक्यावर जातं. ज्या जेट्या किंवा बंधारे दगडाचे भरीव आहेत तिथे प्रकार वेगळा, किनाऱ्याच्या बाजूने वाहत आलेल्या पाण्याला पुढे जायला वाट मिळत नाही, मग ते भिंतीला धरून सरळ समुद्रात जातं. म्हणजे भिंतीच्या बाजूला कायमचा रिप करंट. अमेरिकेची हवामान आणि समुद्र बघणारी सरकारी संस्था नोआ, ती लोकांना सांगते की जेटी आणि बंधाऱ्यापासून निदान १०० फूट लांब राहा, कारण तिथे रिप करंट बऱ्याचदा कायमच असतात. १०० फूट म्हणजे तीस मीटर. आमची मैत्रीण त्याच्या आत होती. आम्ही सगळेच कित्येक वर्षं त्याच्या आत होतो.

रिप करंटबद्दल एक सांगायचंच आहे कारण दर सीझनला मी डोळ्यांनी बघते. पर्यटक येतात, फॅमिली असते, लाटा फुटताना बघून घाबरतात, आणि मग शोधून शोधून जिथे लाट फुटत नाही, पाणी जरा गडद आणि गुळगुळीत दिसतं तिथे उतरतात. त्यांना वाटतं इथे शांत आहे. तीच रिपची वाट असते! लाटांनी आत आणलेलं पाणी तिथून परत जात असतं म्हणून तिथे लाट फुटत नाही. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून जीव तोडून हात मारायचे नाहीत, ऑलिंपिकवाल्यालाही जोरदार रिपच्या उलट जाणं जड आहे. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत जायचं, पट्टा संपला की लाटाच आत आणतात. जीवरक्षकांनी लाल आणि पिवळा झेंडा लावलेला असतो तो यासाठीच, त्या दोन झेंड्यांच्या मध्ये त्यांनी पाणी बघून ठेवलेलं असतं. २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर हे जीवरक्षक आहेत आणि त्यांनी किती घरं वाचवली ते त्या घरांनाच माहीत. सकाळी साडेसातला त्यांची ड्युटी सुरू होते. आम्ही पूर्वी साडेसहाला उतरायचो, त्या अपघातानंतर एकमताने ठरवलं, साडेसातच्या आधी कोणी पाण्यात पाय घालायचा नाही. ऑफिसला उशीर होतो, होऊ दे.

लोक मला जेलीफिशचं विचारतात. असतात, पावसाळा संपल्यावर जास्त असतात, चावतात म्हणजे चटका बसतो, तिथे चोळायचं नाही, गोडं पाणी घालायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुऊन जीवरक्षकाकडे जायचं. पाकट असतो वाळूत, त्याच्यासाठी उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालायचं, तो आपणहून निघून जातो. हे सगळं सांभाळता येतं. नऊ वर्षांत मला जेलीफिश चारदा लागला असेल. बोटीची भीती मात्र रोज वाटते.

अपघातानंतर आम्ही सहा जण मिळून एका सरकारी कार्यालयात गेलो. भांडायला नाही, अर्ज घेऊन. मागणी एवढीच की जेटीपासून शंभर मीटर सोडून, किनाऱ्याला समांतर, एक पिवळ्या बोयांची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांची, रांग टाका. बोयांच्या आत पोहणारे, बाहेर बोटी. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की जेटी आमची आहे पण पाणी आमचं नाही. दुसरीकडे गेलो तर किनारा त्यांचा पण जेटी त्यांची नाही. तिसरीकडे उत्तर आलं की असं असेल तर आम्ही तिथे पोहण्यास मनाई असा बोर्ड लावतो. आम्ही सुरक्षित पोहायची सोय मागायला गेलो होतो आणि हातात बंदी घेऊन आलो. मला त्या दिवशी खरंच रडू आलं, राग म्हणून नाही, त्या बोर्डाने काय होणार ते मला माहीत आहे म्हणून.

काय होणार? आम्ही पन्नाशीचे लोक बोर्ड वाचून दुसरीकडे जाऊ. मुलं जाणार नाहीत. संध्याकाळी जीवरक्षक गेले, अंधार पडला की मुलं जेटीवरून उड्या मारतात, आजही मारतात. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत दोन मीटरपर्यंत फरक पडतो. परवा संध्याकाळी ज्या जागी उडी मारली तिथे पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला निम्मं पाणी असू शकतं, वरून अंधारात ते दिसत नाही, आणि डोकं खाली करून मारलेल्या एका उडीत मान जाते. या मुलांना समुद्र शिकवणारं कोण आहे? पूर्वी रापणीवर गावातली पोरं असायची, दोर ओढता ओढता पाणी शिकायची. आता सकाळी पाण्यात असणारी मोठी माणसं म्हणजे आम्हीच, जे जेटीवरच्या मुलांना सांगतो की आज उधाण आहे, आज नको, अष्टमीला भांगेच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, पाण्यात या. आम्हालाच हाकललं तर तेवढंही सांगणारं कोणी राहणार नाही.

आणि बोया टाकणं अशक्य आहे असं मला कोणी सांगू नये. २०१९ पासून मिरामारला आयर्नमॅनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी, स्पर्धा भरते, १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं असतं, त्यासाठी बोया लागतात, कायाक लागतात, जीवरक्षक लागतात. बाहेरून शेकडो लोक येऊन आपल्या समुद्रात सुरक्षित पोहून जातात, चांगलं आहे, मी दरवर्षी काठावर उभी राहून टाळ्या वाजवते. दुसऱ्या दिवशी बोया निघतात. शेजारी मालवणला चिवला बीचवर दर डिसेंबरला सागरी जलतरण स्पर्धा होते, लहान लहान पोरं उतरतात आणि त्यांचे आईबाप निवांत असतात कारण मार्ग आखलेला असतो. फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून ३०० मीटरच्या पट्ट्यात बोटीला ५ नॉटच्या वर जाता येत नाही, म्हणजे धावणाऱ्या माणसापेक्षाही हळू. मला इथे एवढंही नको. एक दोर, दहाबारा पिवळ्या बोया, आणि जेटीवर एक बोर्ड ज्याच्यावर मनाई न लिहिता आजची भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, ते खडूने लिहिलेलं असेल. खडू आम्ही आणू, रोज लिहायला माणूसही आमच्यातला देऊ, तसं अर्जात लिहून दिलेलं आहे.

रांग कुठे टाकायची ते आम्ही ठरवणार नाही. दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली, पाणी कुठून कुठे जातं याचा अभ्यास करणारी माणसं आपल्या दारात राहतात, त्यांना विचारा. आणि त्यांच्याइतकंच बोटवाल्यांना आणि रापणकारांना विचारा, कारण रांग चुकीच्या जागी पडली तर त्यांच्या जाळ्याला आणि त्यांच्या वाटेला त्रास होईल आणि ते बरोबर नाही, समुद्र आधी त्यांचा आहे, पोट त्याच्यावर आहे. त्या दिवशीच्या बोटवाल्याशी माझं बोलणं झालं. तो म्हणाला की ताई, मला नक्की कळलं ना की माणसं या रेषेच्या आत आहेत तर मी रोज निर्धास्त येईन, आता जेटी जवळ आली की छातीत धडधडतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, आम्हीही पाण्यात नसतो, पण इतर दहा महिन्यांतले बहुतेक दिवस तो आणि आम्ही एकाच पाण्यात असतो.

आम्ही आमच्या बाजूने जे करायचं ते केलेलं आहे. काळ्या टोप्या बंद, सगळ्यांच्या टोप्या केशरी किंवा पोपटी. प्रत्येकाच्या कंबरेला दोरीने बांधलेला रंगीत फुगा असतो, टो फ्लोट म्हणतात त्याला, तो मागे तरंगत येतो आणि बोटीवरून लांबून दिसतो, दम लागला तर धरून थांबताही येतं. एकटं कोणी उतरत नाही. सहाआठ हात मारले की मान वर करून समोर बघायचं, तलावात पोहणाऱ्यांना याची सवय नसते, तळाची काळी रेघ बघत जायची सवय असते, समुद्रात रेघ नाही म्हणून माणूस वाकडा जातो आणि त्याला कळतही नाही. जोराचा पाऊस झाला की पुढचे दोन दिवस सुट्टी, कारण नाल्यांचं सगळं पाणी बाहेर येतं. जून ते सप्टेंबर पूर्ण बंद, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला तरी आम्ही सप्टेंबर संपेपर्यंत थांबतो. आणि जेटीपासून आता पन्नास मीटरच्या आत कोणी जात नाही. पण हे पन्नास मीटर डोळ्यांनी मोजायचे, पाण्यातून, डोकं लाटेच्या उंचीवर असताना. फार कठीण आहे. बोया असती तर मोजावं लागलं नसतं.

कोणाला वाटेल की एवढा अट्टहास कशाला, स्विमिंग पूल आहेत. आहेत, आणि ज्यांना जमतं त्यांनी तिथे जरूर जावं. पण सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून येणारा, पाणी काचेसारखं असतं, लांब आग्वादचा दांडा दिसतो, रस्त्यावरून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू येतो आणि कान पाण्याखाली गेले की फक्त स्वतःचा श्वास. दुपारी खारा वारा सुटला की हे सगळं मोडतं. आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहेत, नवरा गेल्यावर दोन वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या, त्यांना मुलीने हाताला धरून पाण्यात आणलं. पहिल्या दिवशी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. आता मिरामारच्या बाजूला एक किलोमीटर पोहतात आणि बाहेर आल्यावर सगळ्यांना डब्यातले पातोळे देतात. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की उद्यापासून मनाई आहे?

ज्या खात्याचं हे काम असेल त्या खात्याच्या कोणीतरी, साहेब असोत की कारकून, एक दिवस सकाळी आमच्याबरोबर किनाऱ्यावर यावं. पाण्यात उतरायची गरज नाही. येत्या अष्टमीला यावं, त्या दिवशी सहाच्या सुमाराला भरती होऊन गेलेली असेल, पाणी हळू असेल, साडेसातला झेंडे लागतील आणि आम्ही उतरू. त्यानंतर आठवड्याने उधाणाच्या दिवशी परत यावं आणि जेटीवर उभं राहून खांबांच्या मधून एक सुकं पान सोडून बघावं, ते दुसऱ्या बाजूला किती वेळात बाहेर येतं. आम्ही मोजलेलं आहे, पण त्यांनी स्वतः मोजावं. आमचा अर्ज त्यांच्याकडे आहेच.

आपली,
एक वाचक,
ताळगाव